कसबे पांगरठाणचे नाकेदार

प्रति,
माननीय निबंधक साहेब,
जन्म-मृत्यू नोंदणी विभाग.

विषय : मृत्यूच्या दाखल्यात ‘मौजे पांगरठाण’ असे छापून आले आहे, त्याऐवजी ‘कसबे पांगरठाण’ असे करून मिळणेबाबत.

अर्जदार : खाली सही करणार. वय पन्नासच्या पुढे. शिक्षण दहावी, इंग्रजी सोडून. धंदा अर्जनवीस. बैठक कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली, झेरॉक्सच्या टपरीला लागून.

मयत : नाव दाखल्यावर आहेच. परंतु त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. नगरपालिकेच्या जकात नाक्यावर नोकरी झाली, म्हणून सर्व लोक त्यांना नाकेदार म्हणत. मीही तेच लिहितो.

घटनेचा दिवस : पोळ्याच्या आधीचा मंगळवार, भर दुपारी.

घटनेचे ठिकाण : वाद त्याचाच आहे.

साक्षीदार : एक, बाबूभाई झेरॉक्सवाले, मूळचे पांगरठाणचे. दोन, मयताची मुलगी, राहणार जळकोट, जिल्हा लातूर. तीन, मी स्वतः. परंतु या प्रकरणात चूक करणाराही मीच असल्यामुळे माझी साक्ष कितपत धरावी हे साहेबांनी ठरवावे.

महोदय,

चूक आपल्या कार्यालयाची नाही, माझी आहे. अर्जाच्या पहिल्याच ओळीत असे कबूल करू नये, हे मी इतकी वर्षे लोकांना सांगत आलो. कबुली द्यायचीच झाली तर ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात द्यावी, आणि ‘मी चूक केली’ असे न लिहिता ‘चूक झाली’ असे लिहावे, म्हणजे ती आकाशातून पडल्यासारखी वाटते, असा आमच्या धंद्याचा दंडक आहे. तो आज मोडतो. नाकेदार हयात असते तर त्यांनी हा अर्ज पहिल्या ओळीपासून तपासला असता, आणि आकाशातून काही पडलेले त्यांना चालत नसे.

मौजे आणि कसबे यांतला फरक आपणास ठाऊक असेल. मला वाटत होते, मलाही ठाऊक आहे. नाकेदार पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर येऊन बसले, तेव्हा पांगरठाणची नगरपालिका महापालिकेत जाऊन बरेच दिवस झाले होते. वेशीवरची गावाच्या नावाची पाटी काढून तिथे प्रभागाच्या नंबरची पाटी लावली होती. ती बदलावी, एवढाच त्यांचा मजमून होता. मी नेहमीच्या हाताने सुरुवात केली : ‘मी खाली सही करणार, राहणार मौजे पांगरठाण.’ त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवले.

“मुन्शी, हे काय लिवलं?”

“तुमचं गाव.”

“माझं गाव न्हाई हे. मौजे म्हंजे काय, ठाव हाय का?”

“खेडं.”

“ते शाळेत शिकवलेलं. आता ऐका. ज्या गावचा माणूस मीठ आणायला दुसऱ्या गावाला जातो, ते मौजे. दुसऱ्या गावचा माणूस जिथं मिठाला येतो, ते कसबे. पांगरठाणचा माणूस मिठापायी कधी वेस ओलांडून गेला न्हाई.”

“आता तर सगळेच मॉलमधून आणतात, नाकेदार.”

“ते मीठ न्हाई, पाकीट हाय. दुसरा कागद घ्या.”

मी दुसरा कागद घेतला. माझ्या हाताला वळण आहे, असे एका तहसीलदारांनी चारचौघांत म्हटले होते, आणि माझा लिहिलेला कागद फाडायला लावणारा माणूस मला तोवर भेटलेला नव्हता. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. पुढेही तो बहुतेक वेळा येतच राहिला, हे सत्यकथन म्हणून नमूद करतो.

पांगरठाणचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला. तो सर्व खरा आहे असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्या कोणी सांगितलाच नाही, एवढेच म्हणणे आहे. निजामाच्या अमलात पांगरठाणला मुन्सफाची कचेरी होती, टपाल होते, मंगळवारचा बाजार होता, आणि रंगाऱ्यांची एक पूर्ण गल्ली होती. तिच्या गटारातून आठवड्याचे सात दिवस सात रंगांचे पाणी वाहत असे. मी एकदा सातही रंगांची नावे विचारली. सहा झाल्यावर ते थांबले.

“सातवा?”

“शुक्करवारी रंगाऱ्याची सुट्टी. त्या दिवशी साधं पाणी. त्यो बी रंगच.”

पुढे आगगाडी येणार असे झाले. स्टेशन पांगरठाणला करावे अशी विचारणा झाली तेव्हा गावच्या पंचांनी बैठक घेतली. गाव पानमळ्यांचे. इंजिनाच्या धुराने विड्याची पाने काळी पडतील असे ठरले, आणि स्टेशन पलीकडे गेले. पुढे पानमळे विहिरी आटून, धुराविनाच वाळले. नाकेदारांचे आजोबा त्या बैठकीत होते. चूक झाली असे नाकेदारांना वाटते का, असे मी विचारले, तर म्हणाले, “चूक कशी? गाडीला गरज होती गावाची. गावाला गाडीची न्हवती.”

ज्या ठिकाणी स्टेशन झाले त्या शहराचे नाव मी या अर्जात लिहीत नाही. आपले कार्यालय तिथेच आहे, तेव्हा अडचण होऊ नये. नाकेदार ते नाव कधी उच्चारत नसत. ते शहराला ‘वाडी’ म्हणत. गोदावरीच्या काठचे हे गाव फार जुने आहे, ग्रंथांतून त्याचे उल्लेख आहेत, असे मी त्यांना सुनावले होते. “असतील की,” ते म्हणाले, “जुनी वाडी बी वाडीच असती.” हदगावच्या बसची वाट पाहत आम्ही एकदा स्टँडवर उभे होतो. भोवती हजार माणसे, रिक्षांचा कालवा, चार मजली लॉज. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, “वाडी वाढून राहिली बरं का, मुन्शी. हाव, लई वाढली.” जणू एखाद्या नातेवाइकाचे पोर अंगाने भरले आहे.

रिक्षावाल्यांना हे पाठ झाले होते. “नाकेदार, कुठं? वाडीत?” असे तेच विचारत, आणि नवीन रिक्षावाला असला की जुना त्याला सांगे, “स्टेशनला सोड. अन् रस्त्यात शहराचं नाव काढू नको, उतरून चालत जाईन म्हनतो म्हातारा.”

त्यांच्या डोक्यावर काळी टोपी असे. ती टोपी म्हणजे पांगरठाणची हद्द समजावी. हद्दीतून बाहेर पडले की ते टोपी काढून घडी करून खिशात ठेवीत. खेड्यात टोपी कोणाला दाखवायची, असे त्यांचे म्हणणे. परत येताना हद्द लागली की टोपी डोक्यावर. आता अडचण अशी की जुनी हद्द ज्या रेषेवरून जाते तिथे मंगल कार्यालय झाले आहे, आणि ती रेषा त्याच्या दर्शनी भागातील तिसऱ्या खांबातून जाते. लग्नसराईत एक म्हातारा खांबापाशी येऊन थांबतो, खिशातून टोपी काढून, झटकून डोक्यावर घालतो, हे पाहून वधूपक्षाला तो वरपक्षाचा वाटे आणि वरपक्षाला वधूपक्षाचा. दोघेही त्यांना आग्रहाने पंगतीला बसवीत. नाकेदार बसत. “हद्दीतलं जेवण हाय. नाही कामून म्हणायचं?” परंतु पाने खांबाच्या पलीकडच्या मांडवात मांडलेली असली तर हात जोडून निघून येत.

मी स्वतः त्यांच्या दृष्टीने आयात माल होतो. मूळचा मी इस्लापूरकडचा. पांगरठाणात प्लॉट घेऊन राहायला आलो, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “कोणत्या नाक्यानं आत आलात?” गावात येणाऱ्या प्रत्येकाचे त्यांनी दोनच वर्ग केले होते, मुकामी म्हणजे मूळचे, आणि आयात. रंगारगल्लीत आता डॉक्टर व्हायला आलेली मुले खोल्या करून राहतात. पाठीवर दप्तर, कानात वायर, अशी ती सकाळी क्लासला निघाली की नाकेदार जुन्या नाक्याच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत आणि म्हणत, “कच्चा माल चालला वाडीत. पक्का होऊन कुठं जाईल, देव जाणे. इकडं तर न्हाई येत.”

विलीनीकरणाच्या दिवसाची हकीकत बाबूभाईंनी डोळ्यांनी पाहिलेली आहे, माझी ऐकीव. सकाळी महापालिकेची गाडी आली. नगरपालिकेच्या खुर्च्या, कपाटे, शिक्के, रजिस्टरे सर्व भरले. नाका शेवटच्या टोकाला. गाडी तिथे पोहोचली तेव्हा आडवा बांबू खाली होता आणि नाकेदार इस्त्रीच्या गणवेशात उभे होते.

“बांबू उचला हो,” गाडीतले साहेब म्हणाले.

“गाडीत माल काय?”

“माल कसला? तुमच्याच पालिकेचं सामान आहे.”

“मग निर्यात म्हणा.”

बाबूभाई सांगतात, लोक हसले, साहेबही हसले. नाकेदार हसले नाहीत. त्यांनी गाडीतून नाक्याचे रजिस्टर खाली उतरवून घेतले, ओट्यावर ठेवले, शाईच्या पेनाने शेवटची नोंद केली आणि साहेबांपुढे सहीला धरली. मालाच्या रकान्यात लिहिले होते, ‘नगरपालिका’. नगांच्या रकान्यात, ‘एक’. साहेबांनी सही केली. बहुधा न वाचता. अधिकारी वाचून सही करतात असा माझा अनुभव नाही, आपला अपवाद असेल. मग नाकेदारांनी रजिस्टर परत गाडीत ठेवले आणि दोरी सोडून बांबू वर केला.

“जकात आयातीवर असती साहेब. निर्यातीवर न्हाई. जावा.”

दुसऱ्या दिवशी माणसे येऊन बांबू कापून घेऊन गेली.

तिथून पुढे नाकेदारांना काम राहिले नाही, म्हणजे त्यांचे खरे काम सुरू झाले. दर दोन-चार महिन्यांनी ते माझ्याकडे येत. वेशीवर गावाच्या नावाची पाटी लावावी. मंगळवारचा बाजार ज्या मैदानात भरे त्याला ‘पार्किंग झोन’ न म्हणता बाजार म्हणावे. बसच्या कपाळावर पांगरठाण लिहावे. घरपट्टीच्या कागदावर गावाचे नाव छापावे. प्रत्येक अर्जाचा विषय त्यांच्या तोंडच्या शब्दांत : ‘कसबे पांगरठाण येथील’ याने सुरू होणारा. त्यात मला एक मात्रा बदलू देत नसत. मजकूर मात्र माझ्यावर सोडत, आणि मी त्यात ‘समस्त ग्रामस्थांच्या भावना दुखावल्या असून’ असे घातले की कापायला लावत.

“कोण दुखावलंय?”

“तुम्ही.”

“मी दुखावलेलो न्हाई. मी बराबर हाय. अर्जात रडायचं नसतं मुन्शी. रडायला घर हाय.”

उत्तरे येत. आपली कार्यालये उत्तरे देतात, यात शंका नाही. ‘मागणी नियमात बसत नाही’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात येत आहे’, ‘विचारात घेता येत नाही’. एकाच माणसाचे, माझ्या हातचे इतके अर्ज फेटाळले गेल्याचे दुसरे उदाहरण माझ्या कारकिर्दीत नाही. कचेरीत माझ्या नावाला बट्टा लागू लागला. मी एकदा त्यांना स्पष्ट म्हणालो, “नाकेदार, आता पुरे. दुसरीकडून लिहून घ्या. माझं अक्षर बदनाम होतंय.”

“तुमी लिवत राहा. फेटाळायचं काम त्यांचं. त्यांचं काम तुमी कामून करून राहिले?”

या वेडाची किंमत कोणी दिली, हे लिहिले नाही तर अर्ज एकतर्फी होईल. त्यांची मुलगी लग्नाची झाली तेव्हा शहरातून एक स्थळ आले होते. मुलगा बँकेत, घर स्टेशनजवळ, मागणी समोरून आलेली. नाकेदारांनी निरोप पाठवला, वाडीत पोरगी देत नाही. त्याच सुमारास जळकोट तालुक्याचे गाव झाले होते. नाकेदारांना ते आवडले. गाव वर चढले म्हणून त्यांनी मुलगी तिथे दिली. मंडळी चांगली आहेत, तक्रार नाही. परंतु आई आजारी पडली तेव्हा मुलीला जळकोटहून दोन बसगाड्या बदलून यावे लागले आणि ती पोहोचली तेव्हा आई बोलत नव्हती. हे तिने मला कडुलिंबाखालीच सांगितले, शांतपणे, कप खाली ठेवत. “काका, स्टेशनजवळ दिली असती तर चालत आले असते मी. अण्णांना गाव होतं. आम्हाला अण्णा होते, तेबी ओट्यावर बसलेले.”

मी तिचा कप उचलून बाजूला ठेवला. ती वेळ मजमून सुधारण्याची नव्हती.

गेल्या श्रावणात नाकेदारांच्या छातीत पाणी झाले. मुलीने आणि मी त्यांना शहरातील एका मोठ्या दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले तेव्हा नाकेदारांनी विचारले, “इथं माणूस गेला तर दाखल्यावर कोणतं गाव येतं?” डॉक्टरांनी शहराचे नाव सांगितले. नाकेदारांनी हाताची सुई दाखवून म्हटले, “काढा हे.”

“आजोबा, तुम्हाला अजून आठ दिवस राहावं लागेल.”

“आठ दिवस इथं राहून वाडीत मरू? वाडीत मरायला मी काय पाव्हणा हाय?”

मुलगी चिडली. “अण्णा, गाव मोठं का जीव?”

“जीव तर जाणारच हाय बाई. कुठून जातो, ते तरी बराबर असू द्या.”

कागदावर सही करून आम्ही त्यांना आणले. रिक्षात ते मध्ये, आम्ही दोन बाजूंना. मंगल कार्यालयापाशी आल्यावर त्यांनी खिशाकडे बोट दाखवले. हात वर जाईना. टोपी मीच काढली आणि त्यांच्या डोक्यावर घातली. तिसऱ्या खांबाच्या आधी घातली म्हणून त्यांनी मान हलवून ती काढायला लावली आणि खांब मागे गेल्यावर पुन्हा घालायला सांगितले.

घरी ते आठवडाभर राहिले. एके दिवशी सकाळी मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मुलीला चहा ठेवायला आत पाठवले.

“मुन्शी, एक शेवटचा कागद. फारम तुमीच भरा. अक्षर तुमचं बरं हाय.” पहिल्यांदाच म्हणाले. “मरणाच्या ठिकाणाचा एक रकाना असतो. त्यात प्रभाग-बिभाग लिवू देऊ नका. कसबे पांगरठाण. एवढं एकदा सरकारी कागदावर पक्कं झालं, की माझं काम संपलं.”

“हे काय सांगायला लागतं का, नाकेदार?”

“लागतं. हात तुमचा हाय, पण सवय त्याची हाय.”

मला ते बोलणे लागले. मी त्यांना बजावले की इतक्या वर्षांत माझ्या कागदात एका अक्षराची चूक कोणी दाखवलेली नाही. ते म्हणाले, “मग बरं.”

मंगळवारी दुपारी ते गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन अर्ज आधीच होते. एक हदगाव तालुक्यातला, शिधापत्रिकेचा. एक माझ्याच इस्लापूरकडच्या पाहुण्यांचा, विजेच्या खांबाचा. दोन्ही लिहून दिले. मग मृत्यूनोंदणीचा फॉर्म घेतला. तो मी जितक्या सावकाश भरला तितका कोणताच कागद भरलेला नाही, अशी माझी समजूत होती. मग आपल्या कार्यालयात जाऊन खिडकीवरच्या बाईंशी तासभर वाद घातला. संगणकात प्रभागच येतो, गाव येत नाही, असे त्या म्हणाल्या. मी नियम विचारला. नियम सापडेना. मी कायद्याचे जे दोन शब्द मला येतात ते वापरले. शेवटी त्या बिचाऱ्या कंटाळून म्हणाल्या, “बरं काका, द्या. तुम्ही जसं लिहिलंय तसंच टाकते. एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही. मग तर झालं?”

“झालं,” मी म्हणालो. त्या दिवशी मी घरी पायी गेलो. इतका आनंद मला माझ्या प्लॉटचा सातबारा झाला तेव्हाही झाला नव्हता.

तेराव्यानंतर मुलगी दाखला घेऊन आली. “काका, आलं बघा गाव. अण्णांचं झालं, तुमचंबी झालं.” मी चष्मा लावला. नाव बरोबर, वय बरोबर, वडिलांचे नाव बरोबर. मृत्यूचे ठिकाण : मौजे पांगरठाण.

बाईंनी शब्द पाळला होता. एक अक्षर इकडचे तिकडे केले नव्हते.

“क्या हुआ मुन्शीजी?” टपरीतून बाबूभाई म्हणाले. “जेरॉक्स उल्टा आया क्या?”

ज्या माणसाने नगरपालिकेलाही नोंद करून रीतसर निरोप दिला, त्याचे गाव मी सरकारी कागदावर कायमचे खेडे करून ठेवले. महापालिकेने नुसते नाव काढले होते. हुद्दा मी काढला. मुलीला मी समजावून सांगितले. तिने दाखला पुन्हा वाचला आणि थोडी हसली.

“राहू द्या काका. कोण वाचतंय?”

“ते वाचत होते.”

“ते आता न्हाईत ना.” मग दाखल्याची घडी करत म्हणाली, “बघा तरी काय होतं का. आयुष्यभर आम्ही त्या एका शब्दापायी काढलं. निदान त्यो तरी बराबर असू द्या.”

खिडकीवरच्या बाईंनी दुरुस्तीचा छापील नमुना दिला. त्यात चुकीचे कारण आधीच छापलेले आहे : ‘नजरचुकीने’. हा शब्द मी हजारो लोकांना लिहून दिला आहे. तो मी खोडला आहे आणि त्याजागी ‘सवयीने’ असे लिहून सही केली आहे. कृपया खाडाखोड समजू नये. बाई पुढे म्हणाल्या, “पण काका, कसबे कशावरून? मौजे नाही, कसबेच होतं, असा एखादा सरकारी कागद पाहिजे.” कचेरीतून तसा कागद निघेना. मुन्सफाची कचेरी राहिली नाही, रंगारी राहिले नाहीत, नगरपालिकेचे दप्तर कोणत्या गोदामात आहे हे कोणी सांगत नाही.

मग मुलीने घरून एक कापडी पिशवी आणली. त्यात माझ्या सर्व अर्जांना आलेली आपली उत्तरे, तारखेवार लावलेली. मी ती फेटाळल्याची उत्तरे म्हणून ओळखत होतो आणि पाहायला नाखूश होतो. पहिले उघडले. खालचा नकाराचा मजकूर तसाच, त्याला बोट लागल्याचीही खूण नाही. वरचा विषय मात्र लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेला : ‘कसबे पांगरठाण येथील पाटीबाबत.’ दुसरे उघडले : ‘कसबे पांगरठाण येथील बाजाराबाबत.’ तिसरे, चौथे, सगळी तशीच. आपले कारकून उत्तर लिहिताना विषय अर्जावरून उतरवून घेतात. त्यात बदल करायला त्यांना वेळ नसतो आणि अधिकार तर नसतोच. खाली शिक्का, वर सही. नाकेदारांनी मागितलेले तुम्ही एकदाही दिले नाही आणि प्रत्येक वेळी त्यांना जे हवे ते लिहून दिले.

प्रत्येक कागदाच्या समासात त्यांनी उर्दूत एकच शब्द लिहिला होता. त्यांची शाळा निजामाच्या अमलातली, उर्दूतली; मला ती लिपी येत नाही. बाबूभाईंनी डोळ्यांजवळ धरून वाचला.

“वसूल लिखा है, मुन्शीजी. हर कागज पे. वसूल.”

तेव्हा मला कळले की माझा एकही अर्ज फेटाळला गेला नव्हता, आणि हे त्यांनी मला एवढ्या वर्षांत सांगितले नाही. का सांगितले नाही, हे मी समजू शकतो. मी मजकूर लिहिणारा माणूस. मजकुराला किंमत नाही असे मला तोंडावर सांगणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. रागीट माणूस होता, पण रीत पाळणारा होता.

सबब, आपल्याच कार्यालयांच्या सही-शिक्क्याची ही सर्व उत्तरे पुरावा म्हणून सोबत जोडली आहेत. मूळ कागद पाहून परत करावेत. ते मुलीचे आहेत आणि ती ते जळकोटला नेणार आहे. दाखल्यात ‘मौजे’ हा माझ्या हातून लिहिला गेलेला शब्द काढून त्याजागी ‘कसबे’ असा शब्द करून मिळावा, ही विनंती.

तसे करणे नियमात बसत नसल्यास अर्ज फेटाळावा. माझी हरकत नाही. परंतु फेटाळल्याचे लेखी कळवावे, आणि उत्तर लिहिताना विषय नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, वर जसा लिहिला आहे तसाच, उतरवून घ्यावा.

आपला विश्वासू,
अर्जनवीस,
राहणार कसबे पांगरठाण.